याची टोपी त्याच्या डोक्यावर

भाची डॅलसहून आली ती मांडीवर टोपी घेऊन. बॅगेत घातली तर चेपेल, वरच्या कप्प्यात ठेवली तर कुणीतरी तिच्यावर आपली बॅग आदळेल, म्हणून दोन विमानं बदलत तिनं ती तान्ह्या बाळासारखी सांभाळत आणली होती. "मामा, ही तुला," म्हणाली. चॉकलेटं डॉक्टरांनी बंद केलेली, बदाम ठाण्यातही मिळतात. तेव्हा टेक्सासहून मामासाठी आणण्यासारखं उरलं होतं काय? टोपी.

टोपी म्हणजे खरीखुरी काऊबॉय हॅट. मधाच्या रंगाची, दोन्ही बाजूंचे काठ वर वळलेले, माथ्यावर बोटांनी दाबल्यासारखी खोलगट खाच. मी ती घालून आरशासमोर उभा राहिलो. काऊबॉय सिनेमात बँक लुटणारा असतो आणि हात वर करून उभा राहिलेला बँकेचा कॅशिअर असतो. आरशात मला टोपी पहिल्याची दिसली आणि चेहरा दुसऱ्याचा. बत्तीस वर्षं मी बँकेत कॅशवर बसलो, त्याला टोपी काय करणार!

पुढचा प्रश्न, ही ठेवायची कुठं? खिळ्याला लावली तर आकार जातो. पलंगावर ठेवायची नाही, वाईट असतं. टेबलावर ठेवायची, पण सुलटी नाही, उलटी. माथा खाली, तोंड वर. "सुलटी ठेवली की नशीब सांडून जातं, असं तिकडं मानतात," भाची म्हणाली. आमच्या सौभाग्यवती मुळात ह्या टोपीच्या विरोधात होत्या. पण शकुन-अपशकुनाचा विषय निघाल्यावर त्यांचा चेहरा मऊ झाला. तिन्हीसांजेला झाडू नये, उंबऱ्यावर बसू नये, तसंच हे. अमेरिकेतही शहाणी माणसं आहेत म्हणायची! टोपी जेवणाच्या टेबलावर उलटी विराजमान झाली.

आता, उलटी टोपी म्हणजे काय? वाडगाच. पहिल्या दिवशी तिच्यात माझा चष्मा पडला. दुसऱ्या दिवशी किल्ल्या आणि विजेचं बिल. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर लसणाचे गड्डे. "खोल आहे, आणि हवाही लागते," सौभाग्यवती म्हणाल्या. मी भाचीकडे पाहिलं. ती म्हणाली, "असू दे रे मामा. तिकडं ह्याहून वाईट चाललंय."

तिकडं काय चाललंय ते तिनं चहा पिताना सांगितलं. तिच्या ऑफिसात बियॉन्सेवरून अबोला धरण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. बियॉन्से ही पॉपची सम्राज्ञी. 2024 च्या मार्चमध्ये तिनं 'काऊबॉय कार्टर' नावाचा अल्बम काढला, मुखपृष्ठावर घोड्यावर बसली, डोक्यावर अशीच टोपी. त्यावर अर्धं ऑफिस म्हणे, व्वा! आणि उरलेलं अर्धं म्हणे, हे काही खरं कंट्री म्युझिक नव्हे. बाई जन्मली ह्यूस्टनमध्ये, म्हणजे टेक्सासातच, तरीही नव्हे. सगळ्यात हिरिरीनं भांडणारे गृहस्थ रोज टोकदार बूट घालून येतात.

"ते कुठले?" मी विचारलं.

"न्यू जर्सीचे."

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. खरी मिसळ कुठली, ह्यावर आमच्या सोसायटीत दर होळीला भांडण होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज असतो तो कोल्हापूरला फक्त एकदा, तेही लग्नाला जाऊन आलेल्या माणसाचा. अस्सलपणाची काळजी अस्सल माणसाला नसते. ती आपल्यासारख्या, बाहेरून येऊन टेबल धरून बसलेल्यांना असते. तरी म्हटलं, बँकेचा माणूस आहे, नोट खरी की खोटी हे उजेडात धरून पाहायची सवय आहे. हा अस्सल काऊबॉय एकदा उजेडात धरून पाहूच.

सुरुवात टोपीपासून केली. काऊबॉय हॅट म्हटलं की स्टेटसन. जॉन बी. स्टेटसन हा टोपीवाल्याचा मुलगा, आणि जन्मला कुठं? न्यू जर्सीत! भाचीच्या ऑफिसातल्या गृहस्थांना हे कळवायला हरकत नाही. तरुणपणी प्रकृतीसाठी तो पश्चिमेकडं जाऊन आला आणि 1865 मध्ये त्यानं कारखाना काढला तो फिलाडेल्फियात. जिथून गाईंचे कळप हजार मैलांवर होते, अशा शहरातून कुरणांच्या राजाची टोपी निघाली.

मग पँट. निळी जीन्स. लिव्हाय स्ट्रॉस बव्हेरियाचा, सॅन फ्रान्सिस्कोत कापडाचा व्यापारी. जेकब डेव्हिस हा शिंपी रीगाचा. पँटच्या खिशांचे कोपरे फाटतात, तिथं तांब्याचे रिव्हेट ठोकायची कल्पना ह्या शिंप्याची, आणि 1873 चं पेटंट दोघांच्या नावावर. त्यातही गाईंपेक्षा खाणकामगारांचा विचार जास्त होता. मजुरांच्या अशाच जाड पँटला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, आणि तो शब्द आला आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून, तिथं विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून. काऊबॉयच्या गळ्यात जो लाल रुमाल असतो, धूळ उडाली की नाकावर ओढायचा आणि बँक लुटताना तोंडावर, त्याचं नाव 'बंडाना'. तो शब्द आपल्या बांधणीच्या गोतातला. म्हणजे डोक्यावर न्यू जर्सी, गळ्यात बांधणी आणि कमरेखाली डोंगरी. हा माणूस चर्नी रोडला उतरला असता तर कुणी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

आता तो स्वतः. 'काऊबॉय' म्हणजे गुराखी, ह्यात काही गुपित नाही. पण अमेरिकेतले मूळ गुराखी स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन 'वाकेरो'. रँच, रोडिओ, लॅसो हे सगळे शब्द त्यांचे. इतिहासकारांचा अंदाज असा की दर चार काऊबॉयांमागं एक कृष्णवर्णीय होता. आणि ज्या काळात टेक्सासातून हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायची, तो काळ टिकला जेमतेम वीस वर्षं. 1866 च्या आसपास सुरू झाला. पुढं काटेरी तार आली, रेल्वेचे फाटे गावोगाव पोचले, 1886-87 चा भयंकर हिवाळा आला, आणि खेळ आटोपला. आमच्या बँकेतला क्लार्क हेडक्लार्क व्हायला जेवढी वर्षं घ्यायचा, तेवढ्यात काऊबॉयचा सगळा इतिहास घडून संपला. मग सुरू झाली गाणी.

हे मला फार आवडलं. गुरं होती तोवर माणूस गुरांच्या मागं होता. गुरं गेल्यावर त्याच्यावर गाणी रचायला दुसऱ्यांना सवड मिळाली. आणि ही दुसरी माणसं कोण? जिमी रॉजर्स, ज्याला कंट्री म्युझिकचा जनक म्हणतात, तो मिसिसिपीतला रेल्वेचा ब्रेकमन. क्षयानं नोकरी सुटली, म्हणून गाण्याकडं वळला. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीर नावाचा माणूस यंत्रं घेऊन उतरला होता. त्याच्यापुढं हा गायला आणि नशीब फळफळलं. पुढं तो कधी रेल्वेच्या गणवेशात फोटो काढायचा, कधी काऊबॉयच्या टोपीत. 1930 मध्ये त्याच्या एका रेकॉर्डवर ट्रम्पेट वाजवायला साथीला होता लुई आर्मस्ट्राँग. म्हणजे 'आमच्या शुद्ध कंट्रीत बाहेरचं मिसळू नका' असं म्हणणाऱ्यांना कळवायला हवं की जनकानंच मिसळलं होतं. 1933 मध्ये न्यू यॉर्कच्या स्टुडिओत शेवटची गाणी म्हणताना तो मध्ये मध्ये खाटेवर आडवा होत असे. त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला.

सिनेमातला पहिला मोठा गाणारा काऊबॉय जीन ऑट्री. तो कोण? रेल्वेतला तारमास्तर! कंट्री म्युझिकचा पाया रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी घातला, असं म्हणायला हरकत नाही. आमच्या शेजारचे मध्य रेल्वेतले गृहस्थ गणपतीत गायला बसले की आम्ही हसत असू. आता हसणार नाही.

आणि कपडे? सुरुवातीला ही मंडळी चारचौघांसारखी कोट-टाय घालून गात. नॅशव्हिलच्या रेडिओवर 1925 मध्ये जो कार्यक्रम सुरू झाला, पुढं 'ग्रँड ओल ऑप्री' म्हणून गाजला आणि आजही चालू आहे, तो रेडिओ कुणाचा? एका विमा कंपनीचा. त्याच्या संचालकानं, जॉर्ज हे यानं, साध्या वादकांच्या अंगावर शेतकऱ्याचे कपडे चढवले, डोक्यावर गवती टोप्या घातल्या आणि त्यांच्या ताफ्यांना रानटी नावं दिली. त्यातल्या एका ताफ्याचा म्होरक्या चक्क एमबीबीएसच्या तोडीचा शिकलेला डॉक्टर होता. त्याचा ताफा झाला 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातल्या पॉसम नावाच्या जनावराची शिकार करणारे. दिवसा नाडी बघायची आणि शनिवारी रात्री शिकारी व्हायचं! श्रोत्यांना रेडिओवर कपडे दिसत नव्हते, हे आणखी विशेष. 

पुढं हे साधे कपडेही पुरेनात. मग आले न्यूडी कोहन. मूळचे कीव्हचे, ज्यू शिंपी, लहानपणीच अमेरिकेत आलेले. आधी न्यू यॉर्कात नाचणाऱ्या बायकांचे तोकडे कपडे शिवायचे. नंतर हॉलिवुडच्या उत्तरेला दुकान थाटून ह्या गुराख्यांच्या कोटांवर त्यांनी काचेचे चमकते खडे लावले, बैलगाडीची चाकं काढली, निवडुंग काढले. एल्विस प्रेस्लीचा तो प्रसिद्ध सोनेरी सूट त्यांचाच. कीव्हच्या शिंप्यानं जे शिवलं, ते बघून टेनेसीतला शेतकरी म्हणू लागला, आहा, हा खरा आपला माणूस!

इथं मला हसू आलं आणि लगेच आवरलंही. कारण आपल्याकडं तरी काय? गाई राखणाऱ्यावर आणि गवळ्याच्या पोरींवर आपण शतकानुशतकं गाणी म्हणतोय. पण गवळणी लिहिल्या कुणी? एकनाथांनी, पैठणात राहून. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या नामदेवांच्या नावावरही गवळणी आहेत. तमाशात गवळण रंगायची तीही हंड्यात दूध नसतानाच. गुराखी स्वतःविषयी गाणं लिहीत नाही. त्याला गुरं मोजायची असतात. गाणं लिहितो तो, ज्याला गुरं मोजावी लागत नाहीत आणि तरी ज्याच्या कानात कुठंतरी घंटा वाजत असते.

काऊबॉयच्या ह्या गाण्यांना पाय तरी किती! जिमी रॉजर्सची खासियत म्हणजे गाताना मध्येच आवाज तोडून वर फेकायचा, यॉडलिंग. ती आल्प्सच्या डोंगरातल्या गवळ्यांची एकमेकांना हाक मारायची पद्धत. नाटकमंडळ्यांमधून अमेरिकेत शिरली, रॉजर्सनं तिचं कृष्णवर्णीयांच्या ब्लूजशी लग्न लावून दिलं आणि त्या जोडप्याच्या रेकॉर्डी जगभर गेल्या. असं सांगतात की खांडव्याच्या गांगुलींच्या घरात अनूपकुमारकडं रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टन ह्या न्यूझीलंडच्या गायकाच्या रेकॉर्डी होत्या. त्या धाकट्या भावानं ऐकल्या. धाकटा भाऊ म्हणजे किशोरकुमार. मग 'झुमरू'पासून पुढं आपण जे काही ऐकलं, ते आल्प्सच्या गवळ्यानं मारलेली हाक मिसिसिपीच्या ब्रेकमनमार्गे आपल्या बिनाका गीतमालेपर्यंत आली होती, हे आम्हांला काय ठाऊक! आणि केनियात 1950 मध्ये लोकगीतं जमवायला गेलेल्या ह्यू ट्रेसीला किप्सिगिस जमातीच्या मुली एक गाणं म्हणताना आढळल्या, कुणा 'चेमिरोचा'चं. अर्धा माणूस, अर्धं हरीण, गाणारा, नाचणारा. हा चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स. रेकॉर्ड वाजते आहे, माणूस दिसत नाही, म्हणजे तो काहीतरी निराळाच प्राणी असणार. आमच्या लहानपणी ग्रामोफोनबद्दल आमचीही समजूत फार वेगळी नव्हती.

ग्रामोफोनवरून आठवलं. माहीमला आमच्या शेजारी गोव्याचे एक अंकल राहत. नाताळ जवळ आला की त्यांच्या खिडकीतून एक आवाज यायचा. मऊ, जाड, दुलईसारखा. आई म्हणायची, हा कोण बाबा, गातोय की कुणाची समजूत काढतोय? तो जिम रीव्ह्ज. अंकल त्याला नुसतं 'जिम' म्हणत, जणू वसईहून येणारा मावसभाऊ. जिम 1964 मध्ये स्वतः विमान चालवताना अपघातात गेला होता, पण अंकलच्या घरी त्याचा शोक आमच्या शाळेच्या दिवसांपर्यंत, म्हणजे दहा वर्षांनंतरही, ताजा होता. त्या आवाजात टोपी, घोडा, धूळ, काही नव्हतं. आता कळतं की ते मुद्दाम होतं.

झालं असं की पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोल आलं आणि तरुण पोरं तिकडं पळाली. नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांनी मग सारंगीसारखं रडणारं फिडल बाजूला सारलं, स्टील गिटार मागं ढकलली, आणि त्या जागी व्हायोलिनचा ताफा व गुळगुळीत कोरस आणला. ह्याला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. चेट अॅटकिन्स हा त्याचा एक शिल्पकार. 'हा नॅशव्हिल साउंड म्हणजे नेमकं काय?' असं विचारल्यावर त्यानं खिशात हात घालून नाणी खुळखुळवली, असं सांगतात. कॅशिअर म्हणून मी ह्या उत्तराला पूर्ण मार्क देतो. पॅट्सी क्लाइन ही गुणी गायिका आईनं शिवलेल्या झालरीच्या काऊगर्ल पोशाखात यायची, तिला मोकळ्या गळ्यानं यॉडल करायचं होतं. ओवेन ब्रॅडलीनं तिला व्हायोलिनच्या मखमलीत बसवलं. ती कुरकुरली. मग 1961 मध्ये विली नेल्सननं लिहिलेलं 'क्रेझी' ती अशी गायली की कुरकुर कुणाला ऐकू गेली नाही. आणि पुढच्याच वर्षी रे चार्ल्स ह्या कृष्णवर्णीय, अंध गायकानं कंट्रीची गाणी आपल्या ढंगात गाऊन एक अख्खा अल्बम काढला, आणि शुद्धतेचे पहारेकरी कुठलं दार राखायचं ह्या विचारात पडले.

दार राखायची हौस मात्र गेली नाही. 1974 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशननं सर्वोत्कृष्ट गायिकेचं बक्षीस दिलं ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला. इंग्लंडात जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली, गोड गळ्याची पॉप गायिका. नॅशव्हिलच्या जुन्या मंडळींना ते इतकं लागलं की जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट ह्या दांपत्याच्या घरी सभा भरली आणि नवी संघटना निघाली. अगदी आपल्यासारखं, अपमान झाला की आपणही आधी संघटना काढतो. पुढच्या वर्षी तर कहर. सर्वोत्कृष्ट कलावंताचं नाव जाहीर करायला उभा होता चार्ली रिच. त्यानं पाकीट फोडलं, नाव वाचलं, खिशातून लायटर काढला आणि तो कागद भर समारंभात पेटवला. मग नाव घेतलं, जॉन डेन्व्हरचं. डेन्व्हर बिचारा सॅटेलाइटवरून हसतमुखानं आभार मानत होता. इकडं आपल्या नावाची होळी झाली हे त्याला कुठं ठाऊक! गंमत अशी की चार्ली रिचची स्वतःची गाणीही व्हायोलिनच्या पाकात मुरलेलीच होती.

त्या डेन्व्हरचं गावाकडच्या रस्त्यांवरचं 1971 चं गाणं ठाऊक नसलेला माणूस आमच्या पिढीच्या कुठल्याही कॉलेजात नसेल. ट्रेकला जाऊन शेकोटी पेटली की कुणीतरी गिटार काढायचं आणि तीन कॉर्डांत आम्ही सगळे वेस्ट व्हर्जिनियाला निघायचो. त्या राज्यानं 2014 मध्ये ते अधिकृत राज्यगीतांत घेतलं. आणि गाणं सुचलं कुठं? शेजारच्या मेरिलँडमधल्या एका रस्त्यावरून मोटारीनं जाताना. ज्या बिल डॅनॉफला ते सुचलं, त्यानं तोवर वेस्ट व्हर्जिनियात पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या ट्रेकच्या कंपूतल्यांनीही टाकलं नव्हतं. राजमाचीच्या पायथ्याशी बसून आम्ही ज्या गावासाठी गळा काढत होतो, ते गाव ना गीतकाराचं, ना आमचं. तरी डोळ्यांत पाणी यायचं. धूर होता म्हणा थोडा.

भाचीला मी हे सगळं सांगत होतो तेव्हा तिनं मला शनाया ट्वेनची गोष्ट सांगितली आणि मी टेबलावर हात आपटला, तो टोपीतला लसूण उडाला. शनाया कॅनडाची. तिचा तेव्हाचा नवरा मट लँग हाच तिचा निर्माता, आणि त्याची ख्याती कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडांचे अल्बम घडवण्याची. 2002 मध्ये शनायाचा 'अप!' आला. गाणी एकोणीस, पण तीच एकोणीस गाणी तीन वेगवेगळ्या तबकड्यांवर. लाल तबकडी पॉप. हिरवी कंट्री. आणि निळी? निळी भारतीय ढंगाची! बर्मिंगहॅमच्या दुग्गल बंधूंनी केलेली, तिचे वाद्यवृंद आणि तालवाद्यांचे भाग मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी विकली, बाकी जगात लाल-निळी. 

मी विचार करत राहिलो. म्हणजे कंट्री ही रस्सा वाढण्याची पद्धत झाली. मिसळ तीच, एकाला तिखट, एकाला मध्यम, एकाला बिनकांद्याची. गाणं, बाईचा आवाज, शब्द, सगळं तेच. फिडल टाकलं की गाव, कीबोर्ड टाकला की शहर, ढोलक टाकला की आम्ही. मुंबईतल्या कुठल्या तरी स्टुडिओत एखादा वादक सकाळी सिनेमाचं गाणं आटपून, वडापाव खाऊन, दुपारी शनायासाठी बसला असेल. संध्याकाळी घरी विचारलं असेल, आज काय वाजवलंत? तो काय म्हणाला असेल, ह्याची मला फार उत्सुकता आहे.

त्यानंतरचा जमाना भाचीचा. टेलर स्विफ्ट पेनसिल्व्हेनियातली मुलगी, गाण्यासाठी चौदाव्या वर्षी घरच्यांसह नॅशव्हिलजवळ राहायला आली, बूट घालून कंट्री गायली, आणि 2014 मध्ये '1989' काढून तिनं उघडउघड टोपी फिरवली. मराठीत टोपी फिरवणं वाईट. पण आमदारांनी फिरवली तर तिकीट मिळतं आणि गायिकेनं फिरवली तर स्टेडियम भरतं, एवढं खरं. मग 2019 मध्ये लिल नास एक्स हा विशीतला कृष्णवर्णीय पोरगा आला. नेदरलँड्समधल्या एका मुलानं घरी बसून केलेला ठेका त्यानं तीस डॉलरला विकत घेतला, त्यावर घोडा, टोपी, जुन्या गावचा रस्ता असं गाणं रचलं. बिलबोर्डनं ते आधी कंट्रीच्या यादीत घेतलं, मग 'पुरेसं कंट्री नाही' म्हणून काढून टाकलं. त्यावर बिली रे सायरस ह्या जुन्या कंट्री गायकाला त्यानं सोबत घेतलं आणि ते गाणं मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. पंगतीतून उठवलेल्या पाव्हण्यानं वाढप्याशीच सोयरीक जमवावी, तसं.

आणि बियॉन्से. तिचं गाणं फेब्रुवारी 2024 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. त्या जागी पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या गाण्यात बँजो वाजवते रायनन गिडन्स. बँजो, ज्याच्याशिवाय गावाकडच्या गोऱ्या अमेरिकेचं चित्र पूर्ण होत नाही, तो मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा. कंट्री म्युझिक असोसिएशननं त्या वर्षी तिच्या अल्बमला एकही नामांकन दिलं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत ग्रॅमीनं त्यालाच सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम म्हटलं. लोक म्हणाले, पॉपवाली आमच्या घरात घुसली. पण बँजोला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, घर कुणाचं?

तर इतकं सगळं उजेडात धरून पाहिल्यावर कॅशिअरचा निर्णय काय? नोट खोटी म्हणावी, तर ती शंभर वर्षं चालते आहे. जी इतकी वर्षं चालते, तिला खोटी म्हणणारा मी कोण? मला वाटतं, गावाचं गाणं गावात तयारच होत नसावं. ते होतं गाव सुटताना. ब्रेकमनच्या डब्यात, स्टेशनवरच्या तारयंत्रापाशी, मेरिलँडच्या रस्त्यावर, माहीमच्या खिडकीत. कपडे त्याला कुणीही शिवले तरी चालतात, वाद्यं कुठलीही चालतात. आतली ती हुरहूर तेवढी उसनी आणता येत नाही.

भाची परत गेली. गणेशोत्सवात तिचा व्हिडिओ कॉल आला. डॅलसच्या मराठी मंडळींची मिरवणूक कुठल्याशा पार्किंग लॉटमध्ये निघाली होती. भाचीच्या डोक्यावर फेटा, अंगात शिवलेली तयार नऊवारी, कमरेला ढोल. ठाण्यात होती तोवर हिनं ढोलाला कधी हात लावला नव्हता. आवाजानं डोकं दुखतं म्हणून विसर्जनाला दारं-खिडक्या लावून बसायची. आता दर शनिवारी सराव करते. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पार्किंगमध्ये पाणी साचलेलं, म्हणून नऊवारीखाली तिनं घातले होते तिथले ते टोकदार काऊबॉय बूट.

"कशी दिसते मामा? अस्सल?"

मी म्हणालो, "अगदी अस्सल."

मागं कुणीतरी ताशा धरला. ती घाईघाईनं ओरडली, "आणि मामा, माझी टोपी उलटीच ठेवलीय ना? नशीब सांडत नाहीये ना?"

मी टेबलाकडं पाहिलं. "नशिबाचं ठाऊक नाही गं," म्हटलं, "लसूण सांडत नाही."